सामान्य रूप कोणते, ते आधी फळ्यावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या बीजगणितातले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. राज्य मंडळाच्या ४० गुणांच्या, दोन तासांच्या पेपरात या प्रकरणावर प्रश्न असतातच आणि शाळेपासून खासगी शिकवणीपर्यंत सगळीकडे ‘हे गुण हातचे’ असे मुलांना सांगितले जाते. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहिल्या, तर नेमके हेच गुण गेलेले दिसतात. समीकरणे सोडवताना ते जात नाहीत. निश्चयकाचा (चौकोनात मांडलेल्या चार संख्यांचा) तिरका गुणाकार बहुतेक मुलांना चांगला येतो. गुण जातात त्याच्या आधीच्या ओळीत, म्हणजे दिलेले समीकरण सामान्य रूपात (पदे ठरलेल्या क्रमाने लावून) लिहिताना. वर्गात ही ओळ तोंडी उरकली जाते, गाइडमध्ये ‘रूपांतर करून’ एवढ्या दोन शब्दांत संपते, आणि ती कागदावर लिहायचीच नसते असा मुलांचा समज होतो. आमचे म्हणणे असे, की ही ओळ वेळ देऊन शिकवण्याची आहे. तिच्यात चुका कुठे होतात हे नेमके सांगता येते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

लिहिण्याबद्दल एक सूचना. पुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय असतात. इथे छपाईच्या सोयीसाठी क्ष आणि य घेतले आहेत. चलांना गुणणारे सहगुणक अ आणि ब, चल नसलेले स्थिरपद क.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे ‘सामान्य रूप’ या एकाच नावाखाली मुलांसमोर दोन मांडण्या येतात. पाठ्यपुस्तकात व्याख्या दिली जाते ती अ क्ष + ब य + क = ० अशी; अ, ब, क वास्तव संख्या आणि अ व ब एकाच वेळी शून्य नाहीत. त्याच प्रकरणात पुढे निश्चयकांच्या भागाकाराने उकल काढण्याची क्रेमरची पद्धत येते, तेव्हा समीकरण असते अ क्ष + ब य = क. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, पण पहिल्यातला क आणि दुसऱ्यातला क एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे आहेत. हे ठळकपणे न सांगता ‘सामान्य रूपात लिहा आणि किमती घ्या’ असे सांगितले, की मूल पहिल्या मांडणीत समीकरण लिहिते आणि दुसऱ्या मांडणीच्या सूत्रात किमती घालते.

उदाहरण घेऊ. ५क्ष − २य − ४ = ० आणि ३क्ष + य − ९ = ०. क्रेमरच्या पद्धतीसाठी ही समीकरणे ५क्ष − २य = ४ आणि ३क्ष + य = ९ अशी लिहायला हवीत. मग सहगुणकांचा निश्चयक डी = ५ × १ − ३ × (−२) = ११. त्यात क्षच्या सहगुणकांच्या जागी स्थिरपदे घातली की डीएक्स, यच्या जागी घातली की डीवाय. डीएक्स = ४ × १ − ९ × (−२) = २२. डीवाय = ५ × ९ − ३ × ४ = ३३. क्ष = डीएक्स/डी आणि य = डीवाय/डी, म्हणून उकल (२, ३). आता स्थिरपदे −४ आणि −९ अशी जशीच्या तशी उचलली तर डी ११च राहतो, पण डीएक्स −२२ आणि डीवाय −३३ होतो. उकल (−२, −३) येते. संख्या बरोबर, दोन्ही चिन्हे उलटी. कारण साधे आहे: डीमध्ये स्थिरपदे येतच नाहीत, आणि डीएक्स व डीवाय यांच्या प्रत्येक पदात स्थिरपद अगदी एकदाच येते. दोन्ही स्थिरपदांची चिन्हे उलटली, की हे दोन्ही निश्चयक आख्खे उलटतात.

चूक एकाच समीकरणात झाली तर लक्षण वेगळे असते. पहिल्याचा क चुकून −४ आणि दुसऱ्याचा बरोबर ९ घेतला, तर डीएक्स = −४ + १८ = १४ आणि डीवाय = ४५ + १२ = ५७. उत्तर १४/११ आणि ५७/११. म्हणजे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला शेवटच्या ओळीवरूनच चूक ओळखता येते. दोन्ही किमती फक्त चिन्हाने उलट्या असतील, तर मुलाने मांडणीच चुकीची घेतली. छेदात डी तसाच उरलेला वेडावाकडा अपूर्णांक असेल, तर बहुधा एका समीकरणात चिन्ह सुटले. ‘चूक’ असा लाल शेरा मारण्याऐवजी ‘क कोणत्या बाजूला होता ते पाहा’ एवढे लिहिले, तरी मुलाला पुढच्या वेळी उपयोग होतो.

हाच घोटाळा गुणोत्तरांच्या कसोटीत आणखी नुकसान करतो. दोन समीकरणांची अ१/अ२, ब१/ब२ आणि क१/क२ ही तिन्ही गुणोत्तरे सारखी असली तर उकली अनंत, पहिली दोनच सारखी असली तर उकल नाही. सहगुणकांची गुणोत्तरे तपासून ‘अनंत उकली’ की ‘एकही उकल नाही’ हे ठरवताना कोणतीही मांडणी चालते, कारण क१/क२ मध्ये दोन्हींची चिन्हे एकदम बदलली तर गुणोत्तर तेच राहते. अट एकच, दोन्ही समीकरणे एकाच मांडणीत असली पाहिजेत. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य − १२ = ० ही एकच रेषा आहे. पण पहिल्याचा क ६ आणि दुसऱ्याचा क −१२ असा वाचला, तर गुणोत्तरे येतात १/२, १/२ आणि −१/२, आणि मूल आत्मविश्वासाने लिहून मोकळे होते की रेषा समांतर आहेत, उकल नाही. अनंत उकलींच्या जागी एकही नाही. याहून उलटे उत्तर शक्य नाही.

मुंबईत या गोंधळाला एक जादा कारण आहे. एकाच इमारतीत राज्य मंडळाची, सीबीएसईची आणि आयसीएसईची मुले राहतात, एकाच शिकवणीला जातात, एकमेकांच्या वह्या पाहतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात जोडीची समीकरणे शून्यावर आणून लिहिलेली असतात. यूट्यूबवरच्या अमेरिकी व्हिडिओंत ‘स्टँडर्ड फॉर्म’ म्हणजे स्थिरपद उजवीकडे, सगळे सहगुणक पूर्णांक आणि क्षचा सहगुणक ऋण नसलेला. प्रत्येक पद्धत आपापल्या जागी नीट आहे. मुलाने तीन ठिकाणचे तुकडे जोडले, की उत्तर बिघडते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: उदाहरण सोडवायच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात आणि वहीच्या समासात ‘मांडणी: अ क्ष + ब य = क’ किंवा ‘मांडणी: अ क्ष + ब य + क = ०’ असे पूर्ण लिहायचे. पाच सेकंद लागतात. मांडणी लिहिल्याशिवाय अ, ब, क यांच्या किमती लिहायला शिक्षकांनी परवानगीच देऊ नये, इतका आमचा याबाबत आग्रह आहे.

पदांचा क्रम ही दुसरी जागा. दिलेले समीकरण ४य − ३क्ष = ५ असे असले, की घाईत अ = ४ आणि ब = −३ घेतले जाते. दुसरे समीकरण सरळ क्रमात असेल तर निश्चयकाच्या एकाच स्तंभात एकदा य आणि एकदा क्ष बसतो, आणि उत्तराला काहीच अर्थ उरत नाही. एखादे चल नसलेच तर मुले त्याची जागाही पुसून टाकतात. य = ३ आणि २क्ष + ५य = २३ ही जोडी द्या. पहिल्या समीकरणात ‘अ नाहीच’ म्हणून कित्येक जण अडतात, किंवा १ घेतात. ते ०क्ष + १य = ३ असे लिहायला लावले की सगळे सुरळीत होते: डी = ० × ५ − २ × १ = −२, डीएक्स = ३ × ५ − २३ × १ = −८, डीवाय = ० × २३ − २ × ३ = −६, म्हणून क्ष = ४, य = ३. क्रेमर जिनिव्हाचे, आणि त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली १७५० साली. पण समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, पदाखाली पद अशा लिहायच्या आणि जे पद नाही तिथे शून्य मांडायचे, ही शिस्त आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. गणितज्ञ ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथावरच्या पृथूदकस्वामींच्या नवव्या शतकातील भाष्यात समीकरणे अशीच मांडलेली आहेत. रिकाम्या जागी शून्य लिहिण्याची सवय मुलांना लावावी ती याच कारणाने: स्तंभ हलत नाहीत.

आता चिन्हांबद्दल. ‘पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य सातवी-आठवीपासून मुलांच्या कानावर आहे. बेरीज-वजाबाकीच्या पदांपुरते ते चालते. पण नियम म्हणून एकटेच शिकवले, तर मुले ते गुणकालाही लावतात. −३क्ष = १२ यातून क्ष = १२/३ लिहिणारी मुले असतात, कारण ‘−३ पलीकडे गेला, चिन्ह बदलले’. खरी क्रिया आहे ती दोन्ही बाजूंना एकच गोष्ट करण्याची: दोन्हीकडे तेवढेच मिळवणे, वजा करणे, किंवा शून्य नसलेल्या एकाच संख्येने गुणणे-भागणे. पहिले निदान पाच-सहा दिवस तरी ही क्रिया शब्दांत लिहून घ्यावी. ५ − २य = ३क्ष + ११ हे समीकरण घ्या. ‘दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा, दोन्ही बाजूंतून ५ वजा’ केले की −३क्ष − २य = ६ मिळते. ‘दोन्ही बाजूंना −१ ने गुणून’ ३क्ष + २य = −६. या शेवटच्या पायरीला फार मुले घसरतात: डावीकडची दोन्ही चिन्हे बदलतात आणि उजवीकडचा ६ तसाच ठेवतात. ताळा सोपा आहे. मूळ समीकरणात क्ष = ० घातला तर ५ − २य = ११, म्हणजे य = −३. नव्या रूपात ही जोडी घाला: ० − ६ = −६. जुळले. उजवीकडे ६ असता तर जुळले नसते.

अपूर्णांक आले की चुका दाटीने येतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

(क्ष + १)/३ − (य − २)/४ = २

छेदांचा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणायचे, उजवीकडच्या २ लाही. ४(क्ष + १) − ३(य − २) = २४. कंस सोडवून ४क्ष + ४ − ३य + ६ = २४. म्हणून ४क्ष − ३य = १४. या चार ओळींत दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे उजवीकडच्या २ ला छेद दिसत नाही, म्हणून त्याला गुणले जात नाही; मग ४क्ष − ३य = −८ येते. दुसरा सापळा कंसाआधीच्या वजाचा. −३(य − २) म्हणजे −३य + ६, पण लिहिले जाते −३य − ६; मग ४क्ष − ३य = २६ येते. अपूर्णांकाची आडवी रेघ हीसुद्धा कंसच असते, हे मुलांना कोणी स्पष्ट सांगत नाही. रेघ गेली की तिच्यावरचे य − २ एकत्र धरून ठेवायला कंस घालावाच लागतो. म्हणून लसाविने गुणण्याची ओळ आणि कंस सोडवण्याची ओळ या दोन वेगळ्या ओळी असाव्यात. एका ओळीत दोन्ही उरकण्याचा हट्ट हुशार मुलेच जास्त करतात आणि त्यांचेच गुण जातात.

ताळा कसा घ्यावा तेही याच उदाहरणावर सांगतो. मूळ समीकरणातला एक अपूर्णांक शून्य करा. य = २ घेतले तर दुसरे पद जाते, (क्ष + १)/३ = २ उरते, क्ष = ५. ही जोडी (५, २) नव्या रूपात: २० − ६ = १४. बरोबर. आता पहिले पद शून्य करा: क्ष = −१, मग −(य − २)/४ = २, य = −६. जोडी (−१, −६): −४ + १८ = १४. हेही बरोबर. दोन वेगळ्या बिंदूंतून एकच रेषा जाते, त्यामुळे मूळ समीकरणाचे दोन बिंदू नव्या रूपात बसले की रूपांतर नक्की बरोबर आहे. एका बिंदूचा ताळा पुरत नाही, कारण चुकीची रेषाही त्या बिंदूतून जाऊ शकते. हा ताळा समासात अर्ध्या मिनिटात होतो आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाण्यापासून वाचवतो. अंतिम उत्तराचा ताळा मुले घेतात, पण तो पुष्कळदा स्वतःच लिहिलेल्या चुकीच्या सामान्य रूपात घेतात. मग अर्थातच जुळते. ताळा नेहमी दिलेल्या मूळ समीकरणातच घ्यायला हवा.

दशांश चिन्हे असली तर वेगळीच गंमत होते. ०.२क्ष + ०.०५य = १.३ या समीकरणात प्रत्येक पदाचा दशांश ‘त्याच्या-त्याच्यापुरता’ काढला जातो: ०.२ ला १० ने, ०.०५ ला १०० ने, १.३ ला १० ने. येते २क्ष + ५य = १३, जी भलतीच रेषा आहे. सगळ्यांना १०० ने गुणले तर २०क्ष + ५य = १३०, आणि ५ ने भागून ४क्ष + य = २६. जोडी (६, २) घालून पाहा: मूळ समीकरणात १.२ + ०.१ = १.३, शेवटच्यात २४ + २ = २६, आणि चुकीच्या समीकरणात १२ + १० = २२, जे १३ नाही.

शाब्दिक उदाहरणांत मुलांना सामान्य रूपाचे मोल कळावे, म्हणून वर्गात मुंबईचे भाडे घ्यावे असे आम्ही सुचवू. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहेत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये आणि २० रुपये ६६ पैसे. क्ष किलोमीटरला य रुपये असे धरून समीकरण लिहा म्हटले, की अनेक जण य = २६ + १७.१४क्ष लिहितात. पाच किलोमीटरला १११ रुपये ७० पैसे! पहिले दीड किलोमीटर २६ रुपयांत आलेच आहेत, म्हणून बरोबर समीकरण य = २६ + १७.१४(क्ष − १.५), आणि तेही क्ष दीड किंवा त्याहून जास्त असतानाच. कंस सोडवला: १७.१४ × १.५ = २५.७१. म्हणून य = १७.१४क्ष + ०.२९, आणि सामान्य रूप १७१४क्ष − १००य = −२९. पाच किलोमीटरला ८५ रुपये ९९ पैसे. टॅक्सीचे तसेच केले तर २०६६क्ष − १००य = −१. मूळ समीकरणात २६ आणि ३१ हे मोठे आकडे दिसत होते. सामान्य रूपात कळते की स्थिर भाग जवळजवळ काहीच नाही, एकीकडे २९ पैसे आणि दुसरीकडे एक पैसा. दीड किलोमीटरचा दर पूर्ण रुपयात नेला की किमान भाडे मिळते, हे मुलांना इथे स्वतःहून दिसते. पुढे विचारावे, रिक्षा आणि टॅक्सीचे भाडे कुठे सारखे होते? दोन समीकरणांची वजाबाकी केली तर ३.५२क्ष = ०.२८, म्हणजे क्ष सुमारे ०.०८, जेमतेम ८० मीटर. पण समीकरणे दीड किलोमीटरच्या पुढेच खरी आहेत, म्हणून ही उकल बीजगणिताने बरोबर असूनही इथे लागू नाही. शाब्दिक उदाहरणात उत्तर आले की ते त्या चलाच्या मर्यादेत बसते का, हे पाहण्याची सवय अशा उदाहरणाने लागते.

काही समीकरणे रेषीय दिसत नाहीत आणि असतात. काही दिसतात जवळची, पण नसतात. ‘आयताची लांबी २ ने वाढवली आणि रुंदी १ ने कमी केली तर क्षेत्रफळ ४ ने वाढते’ यातून (क्ष + २)(य − १) = क्षय + ४ मिळते. गुणाकार पाहून मुले बिचकतात. विस्तार केला की क्षय − क्ष + २य − २ = क्षय + ४; क्षय दोन्हीकडून जातो आणि क्ष − २य = −६ उरते. याउलट ४/क्ष + ३/य = ५ पाहा. आधीच्या उदाहरणातली सवय म्हणून छेद काढायला गेले तर ४य + ३क्ष = ५क्षय येते आणि क्षय काही जात नाही. चल छेदात असले की लसाविची वाट सोडायची, १/क्ष = म आणि १/य = न मानायचे, आणि ४म + ३न = ५ हे सामान्य रूप घ्यायचे. इथे शेवटी विसर पडतो तो परत फिरण्याचा. म = २ आले की क्ष = २ लिहून पेन खाली ठेवले जाते; क्ष आहे १/२. हा प्रकार पुस्तकात स्वतंत्र दिलेला आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

प्रश्न काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एक विनंती. ४क्ष − ३य = १४, −४क्ष + ३य = −१४, ८क्ष − ६य = २८ आणि ४क्ष − ३य − १४ = ० ही चारही एकाच रेषेची रूपे आहेत. मंडळाच्या व्याख्येत सहगुणक पूर्णांक असावेत किंवा अ धन असावा अशी अट नाही. √२ क्ष − य = ३ हे पूर्णांकांत आणताच येत नाही; √२ ने गुणले तर वर्गमूळ दुसऱ्या पदांत जाऊन बसते. तेव्हा उत्तरसूचीत छापलेले रूप आले नाही, एवढ्यावरून गुण कापणे अन्यायाचे आहे. तपासणाऱ्याने मुलाचे आणि उत्तरसूचीतले समीकरण एकाच मांडणीत आणून त्यांच्या अ, ब, क यांचे गुणोत्तर पाहावे, ते एकच असेल तर उत्तर बरोबर आहे. एका गुणाच्या प्रश्नात ‘सामान्य रूपात लिहा’ एवढेच न म्हणता मांडणी प्रश्नातच छापावी. बहुपर्यायी प्रश्नात तर पर्यायांपैकी दोन एकाच रेषेचे निघत नाहीत ना, हे छापण्याआधी तपासावे. असे पर्याय सराव प्रश्नपत्रिकांत सर्रास सापडतात, आणि ज्या मुलाला विषय खरा कळला आहे तेच तिथे अडते.

शेवटची विनंती वृत्तपत्रांना. परीक्षा जवळ आली की मराठी दैनिकांच्या शैक्षणिक पानांवर दहावीचे सराव प्रश्न आणि उत्तरे येतात. ज्या मुलांना शिकवणी परवडत नाही ती हे कात्रण जपून ठेवतात आणि त्यातल्याप्रमाणेच वहीत लिहितात. जागा वाचवण्यासाठी या उत्तरांत ‘सामान्य रूपात आणून’ म्हणून एकदम शेवटचे समीकरण छापले जाते. वरच्या अपूर्णांकांच्या उदाहरणाचे उत्तर छापायचे तर त्यात मांडणी कोणती, दोन्ही बाजूंना कशाने गुणले, कंसासहित ओळ, कंस सोडवलेली ओळ, पदे लावून ४क्ष − ३य = १४, आणि मग अ = ४, ब = −३, क = १४ अशा सहा ओळी असाव्यात. जागा कमी पडत असेल तर उदाहरणे दोन कमी छापा, पण या ओळी गाळू नका.

आपले,
दहावीचे बीजगणित शिकवणारे काही शिक्षक
लालबाग–परळ, मुंबई